लालासाहेबांच्या नावावरची पुस्तकं

१८ सप्टेंबर १९४५

सांगलीच्या शाळेचं पत्र आलं. नेमणूक पक्की! १२ नोव्हेंबरला, दिवाळीची सुट्टी संपली की हजर व्हायचं. वर्गातच टुणकन उडी मारणार होतो, पण समोर पोरं बसलेली. पद्माला लगेच कार्ड टाकलं. लग्नाला दीड वर्ष झालं, त्यात एकत्र राहिलो जेमतेम चार महिने. आधी माझं ट्रेनिंग, आणि आता या गावात बिऱ्हाड करण्याजोगी खोली नाही, म्हणून ती माहेरी सांगलीत आणि मी इथे, कडेगावपासून चार मैल आत, शाळेच्या पडवीत चूल मांडून. त्यात तिला सातवा सरत आलाय.

पत्र घेऊन हेडमास्तरांकडे गेलो. त्यांना सगळा गाव अण्णा म्हणतो. अण्णांनी तपकीर ओढली, दोनदा शिंकले आणि म्हणाले, "वा, अभिनंदन हरिभाऊ! फक्त लायब्ररीचा चार्ज तेवढा देऊन जा."

जूनमध्ये इथे आलो त्याच दिवशी ती तीन कपाटं माझ्या गळ्यात मारलेली. आधीचे मास्तर न मोजता गेले आणि मी भिडेखातर सही करून बसलो. आता प्रत्येक पुस्तक रजिस्टरशी ताडायचं, नसेल ते जिथं असेल तिथून आणायचं, मगच शाळेचे अध्यक्ष लालासाहेब जगदाळे सुटकेचं पत्र देणार. ते पत्र नसेल तर सांगलीवाले दारात उभं करणार नाहीत.

"अडला हरी..." एवढं म्हणून अण्णा हसले आणि पुढचं गिळलं. पुढचं काय ते लहान पोरालाही ठाऊक आहे.

२१ सप्टेंबर

शाळा सुटली की दार लावून पुस्तकं मोजतो. दार उघडं ठेवलं तर वाऱ्याने चिठ्ठ्या उडतात, लावलं तर जीव घुसमटतो. सगळ्या पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं, त्यामुळे प्रत्येक उघडून नाव बघावं लागतं. दुसऱ्या कपाटाच्या खालच्या फळीला वाळवी. एका व्याकरणाचं नुसतं कव्हर शिल्लक होतं, आत माती. तसल्या पुस्तकांची वेगळी यादी करायची आणि ती बाद दाखवायची, असा नियम आहे.

मोजता मोजता बनुबाई आली. ही लालासाहेबांच्या मळ्यातली जुनी बाई, गावात दूध घालून जाताना रिकाम्या चरवीत पुस्तक घालून नेते. आज म्हणाली, "आवं मास्तर, सरकारांस्नी वाचाया द्या की काई तरी. लय पानांचं द्या. मागचं दोन दिसांत सपलं."

मी म्हटलं, मोजणी चालू आहे, देणं बंद. तर तिथेच फतकल मारून बसली. "मग बसती हितंच."

शेवटी दिलं. अध्यक्षांना नाही म्हणून माझं सुटकेचं पत्र कुठे राहील?

२४ सप्टेंबर

लालासाहेबांबद्दल माझं मत पार बदललं. मी त्यांना लांबूनच पाहिलेलं. गुलाबी फेटा, सोनेरी काड्यांचा चष्मा, हातात पेपर. वाटलं होतं, उसाच्या पैशावर अध्यक्ष झालेला असामी. पण रजिस्टर बघतो तर त्यांच्या नावावर पानंच्या पानं! बोटीच्या प्रवासाचं पुस्तक तर तीन वेळा नेलेलं. इटलीचा इतिहास, परदेशच्या हकिकती, नकाशे. धाकटा मुलगा सयाजी मराठा पलटणीबरोबर इटलीत आहे. लढाई संपली तरी परतलेला नाही. बापाचं काळीज, दुसरं काय!

एकच तक्रार. पानापानावर हळदीची बोटं उमटलेली. पण त्यांची हळद सांगलीच्या पेठेत जाते, तेव्हा हाताला हळद असायचीच. एका पुस्तकात खुणेला लाल लोकरीचा धागा, एकात पानाला भाकरीचं पीठ चिकटलेलं. जेवता जेवता वाचत असणार. मीही वाचायचो, आई रागवायची.

२८ सप्टेंबर

मोजणी संपली. वाळवीची वेगळी काढली, फाटकी वेगळी. चौदा पुस्तकं नाहीत आणि चौदाच्या चौदा लालासाहेबांकडे. घोडं कुठं पेंड खातंय ते कळलं तरी.

अण्णांना सांगितलं. ते बराच वेळ तपकिरीची डबी बोटांत फिरवत राहिले.

"हरिभाऊ, ती चौदा वाळवीत दाखवा आणि मोकळे व्हा."

"वाळवीत? धडधडीत पुस्तकं आहेत ती. वाचतायत ते."

"कोण वाचतंय?"

"लालासाहेब."

अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "तुम्ही वाईचे नाही का... बरं, बरं. पण त्या पुस्तकांचं नाव कुठे काढू नका एवढं ऐका माझं."

मी स्पष्ट सांगितलं, खोटी नोंद माझ्या हातून व्हायची नाही. यांना मत्सर वाटतो, एवढंच. शेतकरी माणूस आपल्यापेक्षा जास्त वाचतो हे हेडमास्तरांना कसं रुचावं?

५ ऑक्टोबर

बनुबाईला पाच वेळा सांगितलं, सरकारांना म्हणावं पुस्तकं पाठवा. दर वेळी एकच उत्तर, "आजून वाचून व्हायच्यात." आज वर नकाशांचं मोठं पुस्तकच मागायला लागली. मी म्हटलं, एक परत आण, एक ने. तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "मास्तर, त्या जीवाला दुसरं हाय काय वो?"

एवढा मोठा बागाईतदार, दुसरं काही नाही म्हणे! दिलं नकाशांचं पुस्तक. चौदाची पंधरा झाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मळ्यावर दोनदा जाऊन आलो. एकदा उसाला पाणी पाजायला गेलेले, एकदा विट्याला. ओसरीवर बसवून गूळपाणी दिलं आणि वाटेला लावलं.

११ ऑक्टोबर

पद्माचं पत्र. तिच्या वडिलांनी सांगलीत गावभागात दोन खोल्या बघून ठेवल्यात. लिहिते, "बाळ येईल तेव्हा तुम्ही असालच ना? मला फार भीती वाटते." पंधरा पुस्तकांपायी मी या पडवीत कोंडून पडलोय आणि ती तिकडे एकटी घाबरतेय. असा संताप आला की कपाटाला लाथ मारली. अंगठा सुजला तेवढा.

१४ ऑक्टोबर

युक्ती सुचली! उद्या दसरा. शाळेत सरस्वतीपूजन, पुस्तकं पूजेत मांडणार, लालासाहेब अध्यक्षस्थानी. माणूस मागून देत नसेल तर कौतुकाने देतो. मी भाषणात त्यांच्या वाचनाचा गौरव करणार. चारचौघांत एवढी स्तुती झाल्यावर कोणता माणूस पंधरा पुस्तकं दाबून ठेवील? भाषण पाठ केलं. दोनदा आरशासमोर म्हटलं.

१५ ऑक्टोबर, दसरा

फत्ते!

पोरांनी पाट्यांवर सरस्वती काढलेल्या, कपाटातली पुस्तकं चौरंगावर, झेंडूची फुलं, सगळा गाव लोटलेला. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "आपले अध्यक्ष उसाचे मळे पिकवतात हे सर्वांना ठाऊक आहे. पण ते ज्ञानाचाही मळा पिकवतात, हे मी रजिस्टर बघून सांगतो. गेल्या वर्षभरात या शाळेतल्या कोणाही शिक्षकाने वाचली नसतील इतकी पुस्तकं एकट्या लालासाहेबांनी वाचली आहेत!"

काय तो परिणाम! एकदम शांतता, मग मागून खसखस, मग नुसता हशा. म्हाताऱ्या तात्याबांनी तर उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला. खेड्यातले लोक आनंद झाला की हसतात, टाळ्यांची पद्धत नाही. मी आणखी रंगात आलो आणि विनंती केली की अध्यक्षांनी इटलीबद्दल दोन शब्द सांगावेत. लालासाहेब खाली मान घालून बसले. कानापर्यंत लाल झालेले. केवढा हा विनय! एक शब्द न बोलता उठले आणि आपट्याची पानं न घेताच गेले.

अण्णा माझ्याशी बोलले नाहीत. जळतायत.

१६ ऑक्टोबर

सकाळीच मळ्यातून बैलगाडी आली आणि पुस्तकं दारात ओतून गेली. मोजली, पंधरा! एकाचं कव्हर ओरबाडलेलं, नकाशांचं पुस्तक चिखलात पडलं, ते पुसून घेतलं. पण पंधरा ती पंधरा. आता चार्ज पूर्ण. पद्माला लिहून टाकलं, दिवाळीला येतो.

नकाशांच्या पुस्तकात जगाच्या पानावर कुणीतरी काजळाने ठिपके दिलेत. एक ठिपका इटलीच्या समुद्रकाठी, मग समुद्रात ठिपक्यांची रांग, थेट मुंबईपर्यंत. शाळेच्या पुस्तकावर असलं करतात का कोणी?

१७ ऑक्टोबर

बनुबाई आली, पण चरवीशिवाय. दाराच्या बाहेर उभी राहिली. मी हसून "ये, ये" म्हणालो, तर म्हणाली, "काय केलासा वो मास्तर हे?"

"काय केलं?"

"सरकारांस्नी अक्षरबी वाचाया येत न्हाई. सारा गाव जानतो. पत्राखाली शिक्का मारत्यात, पेपर धरत्यात त्यो मिरवायला. वाचीत व्हती ती आमची शालूबाई. सयाजीरावांची बायकू. बाईमान्साचं नाव शाळंच्या वहीत कसं लिवायचं, म्हनून सरकारांच्या नावावर आनीत हुते मी. चुलीम्होरं बसून वाचायची लेकरू. नवरा कुठल्या मुलखात हाय, कवा यील, त्येच हुडकीत हुती त्या पुस्तकांत."

हळद, पीठ, लोकरीचा धागा, काजळ! सगळं माझ्या नाकासमोर होतं आणि मी हळदीच्या पेठेचा हिशेब सांगत बसलो होतो.

"आता तिच्याशी घरात कुनी बोलत न्हाई. सरकार म्हनाले, माज्या नावानं माजंच हसं केलं. पुस्तक दिसलं तर म्हायेरी धाडीन म्हनाले. मला दुधावरनं काढून खुरपायला लावलंय. आन् तुमी चाललासा सांगलीला."

ती गेल्यावर मी कपाट उघडून बसलो. सगळी पुस्तकं जागेवर. लाज वाटली, इतकी की दिवसभर अण्णांच्या नजरेला नजर दिली नाही.

१८ ऑक्टोबर

मळ्यावरून बोलावणं आलं. वाटलं, निदान सुटका तरी. गेलो. लालासाहेब बाजेवर बसलेले, चष्मा नव्हता. त्यामुळे चेहरा निराळाच, म्हातारा दिसला.

मी पायाच पडायला वाकलो. "सरकार, चूक झाली. सूनबाईंचा काही दोष नाही..."

"तिचं नाव नगं." अगदी हळू म्हणाले. "मास्तर, चार लोकांत तुमी मला वाचनारा केलासा. परवापास्नं गावात पोरंबी 'वाचनारं सरकार' म्हनून हसत्यात. खोटं तुमी बोललासा, आता खरंबी तुमीच करायचं. रोज दिवेलागनीला हितं यायचं. मला वाचाया आलं की मंग सांगली."

"पण सरकार, १२ तारखेला हजर नाही झालो तर नोकरी जाईल. बायको बाळंतपणाला..."

"मंग लवकर शिकवा."

परतीच्या वाटेवर उसातून चालताना मोठ्याने रडलो. ऐकायला कोल्ह्याशिवाय कोणी नव्हतं.

२३ ऑक्टोबर

रोज जातो. ओसरीवर पाटी, मधे कंदील. बोटं जाड, पेन्सिल धरली की तुटते. आकडे येतात, उसाच्या गाड्या तोंडी मोजतात, पण अक्षर दिसलं की घाम फुटतो. "मुंग्यावानी पळत्यात वो मास्तर," म्हणतात. मी मखलाशी केली, नुसतं स्वतःचं नाव शिकवू लागलो, म्हणजे सही झाली की सुटलो. तिसऱ्या दिवशी ओळखलं त्यांनी. "ह्ये माजंच नाव कितींदा? मला फसवाय लागलासा व्हय?"

आत माजघरात भाकऱ्या थापल्याचा आवाज येतो. मी आलो की थोडा वेळ थांबतो, मग पुन्हा सुरू होतो. ती तिथेच असते. कोणत्या तोंडाने काय बोलू?

२९ ऑक्टोबर

आज त्यांना "ऊस" वाचता आला. इतका आनंद झाला की बैल बांधणाऱ्या गड्याला हाक मारून दाखवला. मग पुढचा शब्द आला आणि पुन्हा तेच. या गतीने दोन वर्षं लागतील. एकदा तोंडातून निघून गेलं, "घरात शिकवणारं माणूस आहे, सरकार." पाटी खाली ठेवली त्यांनी. "मास्तर, उद्या या," एवढंच म्हणाले. उद्या सुटकेचं पत्र कायमचं नाकारतात की काय, याच भीतीत परतलो.

४ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

तार आली. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

तार हातात धरून पडवीत बसून राहिलो. गावात पणत्या, पोरांचे फटाके. अण्णांनी घरी बोलावून करंजी खायला घातली आणि पहिल्यांदाच चेष्टा केली नाही. म्हणाले, "हरिभाऊ, ती चौदा पुस्तकं वाळवीने खाल्ली असती तर बरं झालं असतं." खरंच बरं झालं असतं. माझ्या खऱ्या नोंदीपायी शालूबाई घरात कोंडली गेली, मी शाळेत कोंडला गेलो आणि लेकीचं तोंड बघायला मिळत नाही.

८ नोव्हेंबर

आजची हकिकत जशी झाली तशी लिहितो.

लालासाहेबांनी सांगितलं, पाटी पुरे, आता पुस्तक. मी बोटीच्या प्रवासाचं नेलं होतं, अक्षर मोठं म्हणून. अटही घातली, "मी अडलो तरी सांगायचं न्हाई. मरस्तवर न्हाई." पहिली दोन वाक्यं कशीबशी ओढली. घामाने सदरा भिजला. मग अडले. जोडाक्षर होतं. बोट तिथेच रोवून बसले. आतला भाकरीचा आवाजही थांबला.

आणि मग दाराआडून आवाज आला. शब्द नाही, पुढचं अख्खं वाक्य. मग त्याच्या पुढचं. बोट बंदरातून निघते, किनारा बारीक होत जातो, काठावरची माणसं दिसेनाशी होतात, असं सगळं. पुस्तक आमच्यापाशी होतं, तिच्यापाशी नव्हतं. मी पान बघत होतो, एक अक्षर चुकत नव्हतं.

लालासाहेब ताठ झाले. मला वाटलं, आता वीज पडते. आवाज बंद झाला. आत बांगड्याही वाजल्या नाहीत.

"म्होरं?" लालासाहेब म्हणाले.

दाराआड बांगडी वाजली.

"म्होरं काय हाय, म्हनतो मी. थांबलीस का?"

आवाज पुन्हा सुरू झाला, आधी कापरा, मग नीट. पान संपलं. दुसरं संपलं. लालासाहेबांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं होतं आणि दाराकडे पाठ करून अंधारात उसाकडे बघत होते. मग दाराकडे न बघताच विचारलं, "सया हाय त्या मुलखातनं बोट घरला याया किती दिस लागत्यात गं?"

"तीन आटवडं, मामंजी. नेपल्सवरनं सुटली की सुवेझ. मंग एडन. मंग मुंबई."

"तुला कसं म्हाईत?"

"त्येंचं पत्र पोस्टमन वाचून दावायचा, तवा गावाचं नाव ऐकल्यालं. मंग नकाशात हुडकलं."

लालासाहेबांनी उपरण्याने तोंड पुसलं. मला आधी वाटलं घाम आहे. "मी कुनाला इचारनार?" म्हणाले, माझ्याकडे बघून नाही, स्वतःशीच. "पेपर हातात धरून बसायचो. पोरगं कुटं हाय ते सांगनारं घरात हाय, आन् मी..."

मी निघालो तेव्हा पाठून हाक आली. "मास्तर, तुमची गरज न्हाई आता. उद्या चार्ज द्या, सुटकेच्या पत्रावर शिक्का मारतो. आन् त्या वहीतनं माजं नाव काढा. परत चार लोकांत कुनी मला वाचनारा म्हनाया नगं."

"मग पुस्तकं कोणाच्या नावावर लिहायची, सरकार?"

"जी वाचती तिच्या," ते चिडून म्हणाले. "एवढं शिकलासा, ह्येबी म्याच सांगू?"

१० नोव्हेंबर

चार्ज दिला. अण्णांनी सगळं ताडून सही केली, सुटकेचं पत्र खिशात आहे. सर्व्हिस मोटार अकराला सुटते, संध्याकाळपर्यंत सांगली. पेटी बांधून लायब्ररीच्या दाराशी उभा होतो तेवढ्यात बनुबाई आली, डोक्यावर चरवी. दूध पुन्हा तिच्याकडे आलंय. अण्णांनी किल्ली हातात घेतलेली, ते म्हणाले, "आता मास्तर गेले, सोमवारी ये."

"मास्तर गाडीत बसस्तवर मास्तरच हैत," ती म्हणाली आणि चरवी खाली ठेवली. "ते बोटीचं द्या. आन् नकाशांचं. इटलीचं आनखी काय असंल तर त्येबी."

अण्णांनी हसून किल्ली मला दिली. मी तिन्ही काढली, नकाशांच्या पुस्तकावरचा राहिलेला चिखल धोतराच्या सोग्याने पुसला, रजिस्टर उघडलं. पटांगणात पोरं होती, सुट्टीत विटीदांडू खेळायला आलेली. तात्याबा पारावर बसलेले.

"नाव काय लिहू?" मी विचारलं. मला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"शालूबाई सयाजीराव जगदाळे," बनुबाई इतक्या मोठ्याने म्हणाली की पोरं खेळायची थांबली. तात्याबांनीही मान वळवली. कोणी हसलं नाही.

मी लिहिलं.